कमरेच्या मणक्यातला पिवळा बंध जाड का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमआरआयचा रिपोर्ट घेऊन माणसं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचं बोट एकाच ओळीवर असतं: ‘लिगामेंटम फ्लेवम हायपरट्रॉफी, एल-४ एल-५’ (एल-४ एल-५ म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका). मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन करत नाही, औषधं लिहून देत नाही. पण व्यायाम शिकवताना माणूस बराच वेळ समोर असतो आणि डॉक्टरांसमोर विचारायचे राहून गेलेले प्रश्न तिथे निघतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. बरीचशी उत्तरं ‘हे मुळात होतं कशामुळे’ याभोवती फिरतात. ते कारण नीट समजलं की कशावर पैसे घालवायचे आणि कशावर नाही, हे ठरवणं खूप सोपं जातं.

रिपोर्टमधल्या त्या ओळीचा अर्थ काय?

आपले मणके एकावर एक रचलेले असतात. प्रत्येकाला पुढे हाडाचा जाड ठोकळा आणि मागे हाडाची कमान असते. या कमानी एकाखाली एक आल्या की मधे नळी तयार होते. मज्जारज्जू या नळीतून खाली उतरतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याच्या खाली नसांचा जुडगा लोंबत असतो. तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून त्याला ‘कॉडा इक्विना’ म्हणतात. पायांच्या, लघवीच्या आणि शौचाच्या नसा याच जुडग्यात असतात.

आता दोन कमानींच्या मधली फट. ती उघडी नसते. वरच्या कमानीच्या आतल्या बाजूपासून खालच्या कमानीच्या वरच्या काठापर्यंत एक लवचिक बंध ताणलेला असतो. मानेच्या दुसऱ्या मणक्यापासून थेट त्रिकास्थीपर्यंत प्रत्येक जोडीमध्ये तो आहे. हाच लिगामेंटम फ्लेवम, म्हणजे पिवळा बंध. नळीच्या मागच्या भिंतीचा बराच भाग त्याचाच असतो. कमरेत त्याची जाडी साधारण ३ ते ४ मिलिमीटर असते. ती त्यापेक्षा वाढली की रिपोर्टमध्ये ‘हायपरट्रॉफी’ हा शब्द येतो.

एखाद-दुसरा मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण बंध डावा आणि उजवा असे दोन असतात, दोन्ही आतल्या बाजूला फुगतात आणि जागा मुळात मोजकी असते. नळीचा पुढून-मागे व्यास १० मिलिमीटरच्या खाली गेला तर ती स्पष्टपणे अरुंद मानतात. १० ते १२ मिलिमीटर म्हणजे काठावर. ही मापं नेदरलँड्सचे न्यूरोसर्जन हेंक फर्बीस्ट यांच्या कामातून रूढ झाली. १९५४ साली त्यांनी या दुखण्याचं जे वर्णन केलं, ते वाचताना आजही आपल्यासमोर बसलेला रुग्णच दिसतो.

त्याचा रंग खरंच पिवळा असतो का?

हो. इलॅस्टिन नावाच्या प्रथिनामुळे. शरीरातले बहुतेक अस्थिबंध मुख्यतः कोलॅजेनचे, म्हणजे सुतळीसारख्या चिवट धाग्यांचे बनलेले असतात. ते ताणले जात नाहीत आणि त्यांचं काम तेच आहे. पिवळ्या बंधात मात्र प्रमाण उलटं आहे: सुमारे ८० टक्के इलॅस्टिन आणि २० टक्के कोलॅजेन. म्हणजे जवळपास रबरच.

याला कारण आहे. आपण वाकतो तेव्हा दोन कमानी एकमेकींपासून लांब जातात, बंध ताणला जातो. सरळ होतो तेव्हा तो आखडून पूर्वीच्या लांबीला यायला हवा. नाही आला, तर सैल कापडासारखी त्याची चुणी पडेल आणि ती चुणी आत नसांवर येईल. म्हणून तो शांत उभं असतानाही थोडा ताणलेला ठेवलेला असतो. स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी १९६८ मध्ये हा ताण मोजून दाखवला होता. तरुण माणसात तो चांगला असतो आणि म्हातारपणी बराच उतरलेला असतो.

शिकत असताना एका ऑपरेशनला उभं राहण्याची संधी मिळाली होती. सर्जननी शेजारच्या पातळीवरचा चांगला बंध दाखवला: फिकट हळदीसारखा, मऊ, दाबला की परत फुगणारा. मग जिथे अडचण होती तिथला काढायला घेतला. तो पांढुरका, राखाडी, ठिकठिकाणी करकरीत होता. चिमट्याने छोटे छोटे तुकडे तोडून बाहेर काढताना आवाज येत होता. पिवळेपण जवळजवळ गेलेलं होतं. पुढचं सगळं उत्तर त्या रंगबदलात आहे.

मग तो जाड का होतो? सूज येते का?

‘सूज’ हा शब्द मी टाळते, कारण सूज म्हटलं की गोळीने उतरेल असं वाटतं. इथे जे घडतं ते व्रणासारखं आहे. गुडघा फुटला की जखम भरते, पण तिथली कातडी पूर्वीसारखी मऊ राहत नाही, निबर होते. तसं समजा. फरक इतकाच की ही जखम डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक असते आणि ती एकदा होऊन थांबत नाही, वर्षानुवर्षं त्याच जागी होत राहते.

क्रम साधारण असा. कमरेच्या हालचालीत बंधावर रोज ताण येतो. त्यातला जास्त ताण मागच्या थरावर पडतो, नसांपासून लांब असलेल्या बाजूवर. वय वाढतं तसे इलॅस्टिनचे धागे तिथे तुटू लागतात. आणि इलॅस्टिनची अडचण अशी की शरीर ते मुख्यतः जन्माआधी आणि वाढीच्या वयात बनवतं. त्यानंतर नवीन, नीट विणलेलं इलॅस्टिन फारसं तयार होत नाही. पन्नाशीत तुटलेल्या धाग्याच्या जागी तसाच धागा मिळत नाही. मिळतं ते कोलॅजेन. शरीर आपल्याकडे जे आहे त्याने ठिगळ लावतं. ठिगळावर ठिगळ चढत जातं आणि रबराच्या जागी हळूहळू जाड, ताठ व्रण तयार होतो.

जपानचे सर्जन कोइची साइर्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ऑपरेशनमध्ये काढलेले बंध थराथराने तपासले. व्रणासारखा बदल मागच्या थरात जास्त होता, म्हणजे जिथे ताण जास्त नेमका तिथेच. शरीरशास्त्र आणि यंत्रशास्त्र इतकं एकमेकांवर बसलेलं पाहिलं की मला अजूनही नवल वाटतं.

पेशींच्या पातळीवर नेमकं काय घडतं? थोडं सविस्तर सांगाल का?

हा प्रश्न बहुधा रुग्णाची शिकलेली मुलगी किंवा मुलगा विचारतो, आणि मला तो आवडतो.

बंधात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. धागे बनवणं आणि सांभाळणं हे त्यांचं काम. धागे तुटले, आतल्या बारीक रक्तवाहिन्या दुखावल्या की तिथे रासायनिक निरोप सुटतात. त्यातला सर्वांत जास्त अभ्यासलेला म्हणजे टीजीएफ-बीटा-वन. जखम भरताना पेशींना ‘कोलॅजेन बनवा’ असं सांगणारा हा निरोप आहे. यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड, कुठेही व्रण साठत जातो तिथे हाच भेटतो. साइर्यो यांच्या गटाला जाडी वाढण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात तो रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींमधून सुटताना दिसला. त्याच्या प्रभावाखाली काही फायब्रोब्लास्ट आपलं रूप बदलतात, आकुंचन पावणाऱ्या आणि भराभर कोलॅजेन ओतणाऱ्या पेशी होतात.

दुसरी बाजू आहे तोडणाऱ्या एन्झाइम्सची. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज असं त्यांचं लांबलचक नाव आहे, एमएमपी म्हणूया. जुने धागे कापून जागा साफ करणं हे त्यांचं काम. त्यातले काही इलॅस्टिनही कापतात. निरोगी बंधात कापणं आणि विणणं यांचा तोल असतो. जाड झालेल्या बंधात इलॅस्टिन कापलं जातं आणि कोलॅजेन साठत जातं, असा एकतर्फी व्यवहार सुरू होतो.

तिसरा भाग मॅक्रोफेज पेशींचा. या सफाई करायला येतात, पण येताना आपले निरोपही आणतात: आयएल-सिक्स, टीएनएफ-अल्फा आणि पुन्हा टीजीएफ-बीटा. जपानी संशोधकांनी उंदरांच्या बंधात बारीक इजा करून पाहिली, तेव्हा तिथे मॅक्रोफेज जमले आणि बंध जाड झाला. नुसता ताण आणि त्यासोबत आलेली इजा यांत फरक आहे, हे त्यातून कळलं. इजेच्या जागी नवीन बारीक रक्तवाहिन्याही फुटतात. एरवी या बंधात रक्तपुरवठा अगदी तुटपुंजा असतो. त्या नव्या वाहिन्यांतून आणखी पेशी येतात आणि चक्र चालू राहतं.

शेवटच्या टप्प्यात काही ठिकाणी पेशी कूर्चेसारख्या वागू लागतात, कॅल्शियमचे कण साठतात. ऑपरेशनमध्ये लागलेला तो करकरीतपणा यातून येतो.

बंध खरंच जाड झालाय, की नुसता आत दुमडलाय?

दोन्ही असू शकतं, आणि बऱ्याचदा दोन्ही असतं.

मणक्यांमधली गादी वयानुसार पाणी गमावते आणि बसते. यालाच आपल्याकडे ‘मणक्यात गॅप आलाय’ म्हणतात, खरं तर गॅप कमी झालेला असतो. गादी बसली की वरचा मणका खाली येतो, दोन कमानी जवळ येतात आणि मधला बंध त्या अंतरासाठी लांब पडतो. तरुणपणीचा बंध आखडून घेतो. लवचिकपणा गेलेला बंध आखडत नाही, त्याची चुणी आत पडते. एमआरआयवर ती चुणीही जाडीच दिसते. संशोधकांमध्ये यावर वाद आहे की मोठा वाटा कशाचा: दुमडण्याचा की खऱ्या वाढीचा. मला वाटतं, रुग्णाच्या दृष्टीने हा वाद फार मोठा नाही. गादी बसल्यावर मागच्या सांध्यांवर भार वाढतो, त्या जागी हालचाल वेडीवाकडी होते, बंधावरचा ताण वाढतो आणि खरी जाडीही वाढू लागते. एकातून दुसरं निघतं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती रिपोर्टमध्ये सहसा वेगळी लिहिलेली असते: ‘फॅसेट आर्थ्रोपथी’. मणक्यांच्या मागे दोन्ही बाजूंना छोटे सांधे असतात आणि पिवळ्या बंधाची बाहेरची कड त्या सांध्याच्या पुढच्या आवरणात मिसळलेली असते. सांधा झिजला, सुजला की शेजारच्या बंधालाही त्याची झळ लागते.

नेहमी एल-४ एल-५ इथेच का?

कारण सगळ्यात जास्त हालचाल आणि भार तिथे एकत्र येतात. त्याच्या खालचा पाचवा मणका ओटीपोटाच्या हाडांना भक्कम बंधांनी जखडलेला असतो, वरचे मणके छातीच्या पिंजऱ्याच्या आधाराने असतात. मधे चौथा-पाचवा सापडतो. वरचा मणका थोडा पुढे सरकण्याचा प्रकारही याच जागी जास्त होतो, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त.

आयुष्यभर शेतात वाकून काम केलं, त्यामुळे झालं का?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या आवाजात थोडा अपराधीपणा असतो, जणू तिनेच काही चुकवलं. भांगलण, लावणी, डोक्यावर भारे: या सगळ्याने कमरेवर भार येतो हे खरं, आणि गादी व सांधे झिजण्याला तो हातभार लावतो. पण ऑफिसात बसून आयुष्य काढलेल्या माणसांचे बंधही जाड होतात. आजवर कधी जड काही न उचललेल्यांचेही. वय हा सगळ्यांत मोठा घटक आहे आणि त्याला कुणाचा इलाज नाही. कष्टांना दोष देऊन घेऊ नका.

आईला होतं. मलाही होणार का?

शक्यता थोडी जास्त, खात्री नाही. फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या अभ्यासात असं दिसलं की नळीच्या अरुंदपणात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. काहींना नळी जन्मतःच लहान मिळते. अशा माणसात बंध थोडासा वाढला तरी त्रास लवकर सुरू होतो.

मधुमेहाचा आणि वजनाचा संबंध आहे का?

आहे. मधुमेह असलेल्यांच्या बंधात इलॅस्टिनचं नुकसान आणि व्रणाचं प्रमाण जास्त आढळलं आहे. साखर सतत वाढलेली असली की तिचा काही भाग पेशींमध्ये सॉर्बिटॉल या रूपात साठतो. हा मार्ग पेशींना चिडवतो आणि त्या आणखी दाहक निरोप सोडतात. शिवाय जास्तीची साखर कोलॅजेनच्या धाग्यांना एकमेकांशी चिकटवते, ते ताठ होतात. मधुमेहात खांदा आखडतो, बोटं अडकतात, त्याच कुळातली ही गोष्ट.

इथे एक व्यवहाराची सूचना. मधुमेह्याच्या तळपायात मुंग्या येतात त्या साखरेमुळेही असू शकतात आणि मणक्यामुळेही. रात्री अंथरुणात तळपायांची आग होत असेल आणि चालण्या-बसण्याने त्यात फरक पडत नसेल, तर आधी साखरेकडे बघा. सगळा दोष मणक्यावर टाकून ऑपरेशन केलं तर ती आग तशीच राहते.

वजनाचं म्हणाल तर दुहेरी आहे. पोट पुढे आलं की कमरेचा बाक वाढतो, मागच्या सांध्यांवर आणि बंधावर भार येतो. शिवाय चरबीच्या पेशी स्वतः दाहक निरोप सोडतात.

अमायलॉइड म्हणजे काय? एका डॉक्टरांनी ते तपासायला सांगितलं.

सांगणारे डॉक्टर जागरूक आहेत. रक्तात ट्रान्सथायरेटिन नावाचं प्रथिन असतं, यकृतात बनतं. म्हातारपणी काही जणांत ते विरघळलेलं न राहता धाग्यांच्या रूपात कुठेकुठे साठतं. त्या साठ्याला अमायलॉइड म्हणतात. जपान आणि स्वीडनमधल्या तपासण्यांमध्ये नळी अरुंद झालेल्या वयस्कर रुग्णांच्या पिवळ्या बंधात हा साठा बऱ्यापैकी प्रमाणात सापडला. स्वीडनच्या उप्सालातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये तर हे अरुंदपणाचं एक नेहमीचं कारण असावं असं मांडलं.

याचं महत्त्व मणक्यापुरतं नाही. हेच प्रथिन हृदयाच्या स्नायूत साठू शकतं आणि तिथे त्रास सुरू व्हायच्या कित्येक वर्षं आधी हाताच्या मनगटात किंवा कमरेत त्याची चाहूल लागते. दोन्ही मनगटांत नस दबल्याचं ऑपरेशन झालंय, कमरेची नळी अरुंद आहे आणि आता जिना चढताना दम लागतो, पायावर सूज येते: असा वयस्कर माणूस घरात असेल तर हे तिन्ही एकाच डॉक्टरांना एकत्र सांगा. वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे वेगवेगळे सांगितले की जोडणी राहून जाते.

आमच्याकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराईड आहे. त्याचा काही संबंध?

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या वाचकांनी हे उत्तर जरा लक्ष देऊन वाचावं. तिथल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराईड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते असू नये. वर्षानुवर्षं जास्त जात राहिलं तर आधी लहान मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग दिसतात, पुढे मोठ्यांची हाडं दाट होतात आणि अस्थिबंधांमध्ये चुना भरू लागतो. पिवळ्या बंधाचं अक्षरशः हाड बनू शकतं. भारतात हाडांच्या फ्लोरोसिसचं वर्णन १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातून झालं, म्हणजे ही आपल्यासाठी नवी गोष्ट नाही.

वर सांगितलेल्या म्हातारपणच्या जाडीपेक्षा हे वेगळं आहे. इथे मान, पाठ, कंबर सगळंच ताठ होत जातं, माणूस तरुण असू शकतो, आणि नळी छातीच्या किंवा मानेच्या भागातही अरुंद होते. तिथे आत मज्जारज्जू असतो, म्हणून पाय कडक होणं, चालताना तोल जाणं अशी लक्षणं येतात. गावात मुलांच्या दातांवर डाग असतील आणि घरातल्या मोठ्या माणसाला मान वळवता येत नसेल, तर पाणी तपासून घ्या. आणि एक गैरसमज: पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटल्याने ते दाट होतं.

चालताना पाय भरून येतात, पण बसलं की लगेच बरं वाटतं. असं का?

हीच या दुखण्याची खूण. उभं राहिलं, विशेषतः मागे झुकलं, की बंधाची चुणी आत येते आणि नळी आणखी लहान होते. नसांमधलं रक्त तुंबतं, पोटऱ्या जड होतात, मुंग्या येतात. वाकलं किंवा बसलं की बंध ताणून सपाट होतो, जागा मोकळी होते.

माझ्याकडे एक भाजीवाल्या मावशी येत. घरातून स्टँडपर्यंत रिकाम्या हाताने चालायला त्यांना तीनदा बसावं लागे. पण भाजीने भरलेली हातगाडी ढकलत त्या सगळी पेठ फिरत. घरच्यांना वाटायचं, मावशी कामाला बरोबर चालतात आणि देवळात यायचं म्हटलं की पाय दुखतात. त्या खोटं बोलत नव्हत्या. गाडी ढकलताना माणूस पुढे झुकलेला असतो, इतकंच. सायकल जमते पण चालणं जमत नाही, चढ जमतो पण उतार जमत नाही, हेही याच कारणाने.

पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. पण तिथे नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, वाकावं लागत नाही. सायकलनेही दुखतं. तंबाखू-बिडीची सवय असेल तर पायाची नाडी बघून घ्यायला सांगा.

एमआरआय खराब आहे, पण मला फारसा त्रास नाही. ऑपरेशन करून टाकू का?

नाही. चित्रावर ऑपरेशन करत नाहीत, त्रासावर करतात. जपानच्या वाकायामा भागात सर्वसामान्य लोकांचे एमआरआय काढले गेले. मध्यम किंवा त्याहून जास्त अरुंदपणा तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांत दिसला, पण त्याची लक्षणं असलेले साधारण दहात एक होते. उलटही होतं. एमआरआय आडवं झोपवून, गुडघ्याखाली उशी देऊन काढतात, म्हणजे कंबर नेमकी आरामाच्या स्थितीत असते. उभं राहिल्यावर नळी चित्रात दिसते त्याहून लहान होते.

जाडी औषधाने, मालिशने किंवा पट्ट्याने उतरते का?

उतरत नाही. टीजीएफ-बीटा रोखणारी, व्रण साठू न देणारी द्रव्यं प्रयोगशाळेत तपासली जात आहेत, पण पिवळा बंध पातळ करणारं सिद्ध झालेलं औषध आज बाजारात नाही. कुणी तसा दावा करून महिन्याचा कोर्स विकत असेल तर पैसे जपून ठेवा. तेलाने मालिश केल्यावर पाठीचे आखडलेले स्नायू सैल होतात, बरं वाटतं, ते खरं आहे. पण बंध त्वचेपासून कित्येक सेंटिमीटर खोल, हाडाच्या कमानींच्या आड असतो. तिथे तेल पोचत नाही. पाठीवर पाय देऊन तुडवून घेणं, झटका देऊन ‘मणका बसवणं’ मात्र कृपा करून करू नका. अरुंद नळीत मागे झटका बसला तर नसा कायमच्या दुखावू शकतात.

पाठीत इंजेक्शन घ्यावं का?

तीव्र कळ उठलेली असताना काहींना काही आठवडे आराम मिळतो. अमेरिकेत ४०० रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसतं भूल देणारं औषध आणि त्यात स्टेरॉइड मिसळलेलं, यांत सहा आठवड्यांनी फारसा फरक दिसला नाही. बंध पातळ करणारं औषध नाही हे वर वाचल्यावर याचं नवल वाटू नये. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते, तेही लक्षात ठेवा.

मग व्यायामाने काय होतं?

बंध तसाच राहतो, पण कंबर वापरण्याची पद्धत बदलते. उताणं झोपून गुडघे छातीशी घेणं, कंबर जमिनीला टेकवून पोट आत घेणं, मांडीच्या पुढचे आखडलेले स्नायू ताणणं, स्थिर सायकल चालवणं: यातून कमरेचा मागचा बाक कमी होतो, पोटाचे आणि नितंबांचे स्नायू भार उचलतात. चालणं सोडू नका, तुकड्यांत करा. पाय भरून यायच्या आत बसा, मग पुन्हा उठा. काठी उंचीला थोडी कमी घेतली तर आपोआप पुढे झुकता येतं. भुजंगासन, धनुरासन, चक्रासन अशी मागे वाकण्याची आसनं मात्र बंद. योगवर्गात सगळ्यांसोबत करायची लाज वाटते म्हणून करणारे खूप जण भेटतात. शिक्षकांना सांगा, ते समजून घेतात.

ऑपरेशनमध्ये काय करतात? बंध काढल्यावर मणके सुटे पडतात का?

कमानीचा थोडा भाग आणि तो जाड बंध काढून नसांना जागा करतात. सांधे शाबूत ठेवले तर मणके सुटे पडत नाहीत. बंध एरवी मदत करतो, पण व्रण झालेल्या बंधाने ते काम केव्हाच सोडलेलं असतं. काढलेल्या जागी तसाच पिवळा बंध पुन्हा उगवत नाही, पातळ व्रण धरतो. मात्र शेजारच्या पातळीवर पुढे त्रास होऊ शकतो.

स्क्रू-रॉड घालून मणके जोडायचे का, हा खर्चाचा आणि काळजीचा प्रश्न असतो. स्वीडनमध्ये ५० ते ८० वयाच्या २४७ रुग्णांची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसती जागा करणं आणि जागा करून जोडणं, दोन्हींत दोन वर्षांनीही फरक आढळला नाही. काही रुग्णांना जोडणी लागते, मणका खूप हलत असेल तर. पण ‘स्क्रू कशासाठी, नाही घातले तर काय होईल’ हे सर्जनना विचारण्यात कसलाही अपमान नाही.

ताबडतोब दवाखान्यात कधी जायचं?

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधे, घोड्यावर बसल्यावर जिथे खोगीर टेकतं तिथे बधिरपणा आला, किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. सकाळची वाट पाहू नका.

पहिल्यांदा तज्ज्ञांकडे जाताना काय घेऊन जाऊ?

एमआरआयची सीडी किंवा फिल्म, नुसता रिपोर्ट नको. साखरेचे अलीकडचे आकडे. आणि एका साध्या वहीत आठ दिवसांची नोंद: घरातून निघून कुठपर्यंत चालून बसावं लागलं, कुठल्या पायात काय झालं, बसल्यावर किती मिनिटांत उतरलं. ‘मारुतीच्या देवळापर्यंत गेले, डावी पोटरी भरली, पायरीवर पाच मिनिटं बसले’ इतकं लिहिलं तरी पुरे. घरच्यांना लिहायला सांगितलं तर आणखी चांगलं, आपण स्वतः दुखणं कमी करून सांगतो.